परतीची हमी

लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणातून चंद्रकांतांना मिळण्यासारखं बरंच होतं. बायको सहा महिने लेकीकडे परदेशी. म्हणजे सोफ्यावर पाय ताणून जेवण, रविवारी मित्रांबरोबर खानवेलला कोंबडी, आणि ‘पंखा कुणी चालू ठेवला?’ असं विचारायला घरात कुणी नाही.

लेकीच्या, तन्वीच्या हट्टामुळे व्हिसाचे अर्ज दोघांचेही भरले होते. हरकत नव्हती. ऐनवेळी कंबर धरल्याचं सोंग करून आपण घरीच राहायचं, हे चंद्रकांतांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तन्वीचं पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी, सिल्वासात झालं. सव्वा महिना बायकोची, छायाबाईंची शेक-शेगडी, मालीश आणि लंगोट सुटले नाहीत. चंद्रकांतांना नेमकं तेव्हाच कंपनीच्या कामासाठी पुण्याला जावं लागलं होतं.

व्हिसाचा एजंट रमाकांत याने बजावलं होतं, “काका, तिकडच्या सरकारला एकच खात्री हवी असते. माणूस परत जाईल ना? राहायचा नुसता वास आला, की अर्ज गेलाच समजा.”

मग रोज संध्याकाळी तालीम.

“परत का येणार?” चंद्रकांत विचारायचे.

“इथं घर आहे, खेरडीला आंब्याची कलमं आहेत, माणसं आहेत.” छायाबाई गवार मोडत सांगायच्या.

“विसरशील हं!”

“तोंडपाठ आहे.”

मुंबईत वकिलातीच्या खिडकीपलीकडे एक गोरी बाई बसली होती. शिकून आलेलं मराठी जपून जपून बोलत होती. तिने आधी छायाबाईंना विचारलं, “परत कधी येणार?”

“नातवंड टाकून कशाला येऊ?” छायाबाई गोड हसल्या. “आता तिथंच राहायचं.”

त्यांचा पासपोर्ट तिथल्या तिथे परत आला.

चंद्रकांत खिडकीपाशी सरकले. एकट्याने जायचं? शेगडी, मालीश, लंगोट? छे! आता कंबरेची सबब तन्वी ऐकणार नाही; आपलाही अर्ज फेटाळला गेलाच पाहिजे.

“मॅडम, मला तुमच्या देशात यायचंच नाही!” ते काचेला नाक लावून म्हणाले. “तिथली थंडी सोसत नाही, जेवण रुचत नाही. माझा जीव सिल्वासात. पाठवलंत तर पुढच्या विमानाने परत येईन, लिहून देतो!”

बाईंनी त्यांचा पासपोर्ट ठेवून घेतला. “छान, काका. व्हिसा मंजूर.”

बाहेर येऊन चंद्रकांत फुटपाथवर मटकन बसले. “अगं, तोंडपाठ होतं ना तुझं?”

“घाबरले हो,” छायाबाई म्हणाल्या, आणि चार पावलं बाजूला होऊन त्यांनी मैत्रिणीला फोन लावला.

“मनीषा, जमलं गं बाई! आपली केरळची तिकिटं पक्की कर. पैसे? माझ्या परदेशच्या स्वेटरसाठी यांनीच दिलेत की!”