मायेचा प्रश्न

"त्यांचा तो मायेचा प्रश्न आठवतोय का?" चिटणीसबाईंनी विचारलं, आणि गोल टेबलाभोवती बसलेले पाचही इंजिनिअर हसायला लागले.

ती हसली नाही. तिचे यजमान जाऊन आठ महिने झाले होते. पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरांच्या या अधिवेशनाला ते एकतीस वर्षं न चुकता आले, म्हणून यंदा संघटनेने तिला सत्कारासाठी आग्रहाने बोलावलं होतं. घरी तिने त्यांना अबोल म्हणूनच पाहिलं होतं. इथे मात्र जो तो सांगत होता, त्यांच्याइतका बोलका माणूस दुसरा नव्हता.

"तुम्हाला ठाऊक नसेल वहिनी," चिटणीसबाई सांगू लागल्या. "पाइप जोडण्यावर एका बड्या तज्ज्ञांचं भाषण झालं. अध्यक्ष म्हणाले, काही प्रश्न? सगळे चिडीचूप. तेव्हा तुमचे यजमान उठले आणि म्हणाले, 'कापड शिवताना कडेला माया सोडतात, मग पाइप जोडताना का सोडत नाहीत?' लोक खो खो हसले. पण मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, सोडतो तर! उन्हाने पाइप वाढतो, त्याला जागा ठेवावीच लागते. दुसरा म्हणाला, तुम्ही ठेवता ती पुरत नाही. झालं! दोघं जेवणाच्या रांगेतसुद्धा भांडत होते. आज त्यांची भागीदारीत कंपनी आहे."

मग एकेकाला एकेक प्रश्न आठवू लागला. टाकी एवढी उंच, तरी शेवटच्या घराला पाणी बारीक का? मीटर उलटा फिरला तर कळणार कसं? दर प्रश्नाला हशा पिकत होता. तिच्या हातातला चहा निवत चालला होता.

ते सगळे प्रश्न तिचे होते.

अधिवेशनाच्या आधी तिथे वाचायच्या निबंधांचा गठ्ठा घरी यायचा. जेवणं उरकली की ती मशीनवर शिवणाच्या क्लासचं काम घेऊन बसायची आणि ते समोरच्या खुर्चीत बसून निबंध मोठ्याने वाचायचे. ऐकता ऐकता ती मनात येईल ते विचारायची. ते चष्मा कपाळावर चढवायचे, "हं" म्हणायचे, समासात पेन्सिलीने काहीतरी खरडायचे आणि पुढे वाचू लागायचे. उत्तर कधीच द्यायचे नाहीत. एका वर्षी ती वैतागून म्हणाली होती, "मला मेलीला काय कळतंय त्यातलं!" तर वाचन थांबवून ते नुसते बसून राहिले, तिने काहीतरी विचारेपर्यंत.

वर्षातले तेवढे आठ-दहा दिवस घरात आवाज असायचा. तिला ते दिवस आवडायचे.

आणि आता कळत होतं की ते आपलं अडाणीपण टिपून घेत होते, इथे चारचौघांत मांडायला. तिचे कान तापले. तिने पर्स उचलली. सत्र संपलं की निघायचं, सत्कार गेला खड्ड्यात.

तेवढ्यात पुढच्या भाषणासाठी एक तरुण मुलगी बोलायला उभी राहिली. जमिनीखालच्या पाइपांचा आवाज ऐकून गळती शोधणारं यंत्र तिने बनवलं होतं. ती भरभर बोलली, दोनदा अडखळली, आणि वेळेच्या आधीच संपवून मोकळी झाली.

"काही प्रश्न?" अध्यक्षांनी विचारलं.

कुणी हललं नाही.

"बघा," चिटणीसबाई हळूच म्हणाल्या. "गोल टेबलं मांडली, बिल्ल्यांवरचे हुद्दे काढले, चिठ्ठ्या टाकून जागा दिल्या, चहाची सुट्टी वाढवली. लोकांनी बोलावं म्हणून काय काय नाही केलं! पण पहिला हात काही वर होत नाही. आपला प्रश्न खुळा ठरला तर, याचीच भीती. पहिल्या वर्षी मीही अशीच उभी होते तिथे, रडकुंडीला आलेली. तेव्हा तुमचे यजमान उठले. एकदा ते हसं करून घेऊन बसले, की बाकीच्यांची भीड चेपायची."

ती मुलगी कागद गोळा करत होती. एक कागद खाली पडला, तो तिला उचलता येईना. शिवणाच्या क्लासला पहिल्या दिवशी आलेल्या पोरींचे हात असेच व्हायचे.

तिने पर्स खाली ठेवली आणि ती उभी राहिली.

"बाळ, शेजारणीने नळ उघडा टाकला, तर तुझ्या यंत्राला ती गळतीच वाटेल ना?"

सभागृह हसलं. मुलगीही हसली, आणि तिचा चेहरा उजळला. "तिथेच तर फसतंय ते, आजी!" मग एक हात वर झाला. मग तिसऱ्या टेबलावरून दोन. अध्यक्ष घड्याळ दाखवत राहिले, कुणी बघेना. सत्र संपल्यावर त्या मुलीभोवती हा घोळका जमला. कुणी नंबर देत होतं, कुणी आपल्या गावचे पाइप ऐकायला बोलावत होतं.

चिटणीसबाईंनी डोळे पुसले. "वहिनी, तुमच्या मुलाला का नाही हो आणलंत?"

"कुठल्या मुलाला?"

"इंजिनिअर आहे ना तो? मी एकदा त्यांना विचारलं होतं, असले प्रश्न तुम्हाला सुचतात तरी कसे? तर म्हणाले, 'मला कुठले सुचताहेत! घरी एक इंजिनिअर आहे, माझ्यापेक्षा हुशार. इथे येण्याआधी सगळं त्याच्यापुढे वाचतो. त्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मला येत नाहीत, म्हणून इथे घेऊन येतो.' केवढा अभिमान होता त्यांना!"

"आम्हाला मूलबाळ नाही," ती म्हणाली. "घरात आम्ही दोघंच होतो."