घरात कोणी नव्हतं

ऋजुताच्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिलं नाही. सोबत तिच्या सादरीकरणाची पानं होती. गुंतवणूकदारांपुढे जाण्याआधी मुद्रितशोधक बापाने तपासावीत म्हणून. म्हातारं माणूस पडलं की शेजाऱ्यांना कळवणारं यंत्र ती बनवते.

पहिल्या पानावर होतं, ‘आई बाथरूममध्ये पडून गेली, तेव्हा घरात कोणी नव्हतं.’

फोनवर तिने विचारलं, “बाबा, चुका नाहीत ना?”

“पहिल्या पानावर एक आहे.”

“ती राहू द्या. लोक तुम्हाला बोल लावतील.”

पण घरात माणूस असूनही कळत नाही, म्हणूनच तर तिचं यंत्र हवं. मी लाल शाईने शेवटचे शब्द खोडले आणि वर लिहिलं, ‘तेव्हा बाबा शेजारच्या खोलीत वाचत होते.’

पाकीट टपालपेटीत टाकलं.