कोपऱ्यातलं पाणी

पाणी जाळीकडे जातच नव्हतं. डेअरीत सफाई करणारी मावशी वायपरनं ते पुढे रेटत होती आणि वायपर उचलला की ते निमूट मागच्या कोपऱ्यात परत येत होतं. दारात उभ्या लेव्हलशेठनं ते पाहिलं.

फरशी त्याच्याच हातची. कारखान्यांच्या, गोदामांच्या काँक्रीटच्या फरश्या करणं हा त्याचा धंदा. शर्टाच्या खिशात सदैव पाणसळ, म्हणजे सपाटी बघायची लेव्हल, घेऊन हिंडतो म्हणून सगळे त्याला लेव्हलशेठ म्हणत. नव्या गिऱ्हाइकाला जुनं काम दाखवायचं, ही या धंद्यातली रीत. तो टायरचं गोदाम दाखवायचा, छापखाना दाखवायचा. या डेअरीचं नाव मात्र चुकूनही काढत नसे. पण आजचं गिऱ्हाईक बिस्किटांच्या कारखान्याचं होतं. काम एवढं मोठं, की मिळालं तर वर्षभर मागे बघायला नको. आणि बिस्किटवाले निघाले नेमके डेअरीवाल्याचे साडू. "साडूकडचीच फरशी बघू की," ते म्हणाले. नाही कसं म्हणणार?

चूक साधीच होती. पाणी जायची जाळी आधी मागच्या भिंतीला ठरली होती. मग ती पुढे दारापाशी आली आणि उतारासाठी बांधलेली दोरी बदलायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी नवी फरशी भिजवायला पाणी सोडलं, तेव्हाच त्याला ते कळलं. काँक्रीट तोवर दगड झालं होतं. "दुधाचा ओशटपणा पाण्याला धरून ठेवतो," असं काहीतरी ठोकून देऊन त्यानं वेळ मारून नेली. डेअरीवाल्याला ते इतकं पटलं, की आता तोच येणाऱ्या-जाणाऱ्याला ते शास्त्र समजावून सांगे.

"हे पाणी इथं का साचलंय हो?" बिस्किटवाल्यांनी विचारलं.

लेव्हलशेठची जीभ डोक्याच्या आधी चालली. "उतार चोख आहे, साहेब. या बाईंनी पाणी जास्त ओतलंय."

झालं. डेअरीवाला मावशीवर घसरला. "डोळे कुठं असतात गं तुझे? पाहुण्यांदेखत ही शोभा!" पिशव्या भरणाऱ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या.

आता ही तोंड उघडणार, लेव्हलशेठला वाटलं. फरशी टाकली तेव्हा ती इथं नव्हती. पण रोज हेच पाणी ढकलणाऱ्या बाईला उतार कुठं आहे हे कुणी सांगायला लागतं?

"चुकलं, साहेब," मावशी म्हणाली. "बादली जास्तच उपडी झाली माझ्याकडून."

लेव्हलशेठचे कान तापले. आईच्या वयाची बाई, आणि त्याचं खोटं स्वतःच्या अंगावर घेऊन खाली मान घालून उभी. ओल्यात राहून राहून तिची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. ही आपण सुरकुतवली, त्याच्या मनात आलं. धरणीनं पोटात घ्यावं म्हणावं, तर खाली त्याचंच काँक्रीट होतं आणि तेही चांगलं जाड. इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती.

त्यानं पुढे होऊन तिच्या हातातली भरलेली बादली धरली. मावशीनं कडी सोडली नाही. त्याच्या डोळ्यांत बघत तिनं हळूच 'नको' अशी मान हलवली. केवढं मन हे, आपल्यासारख्या माणसालाही सांभाळून घेतेय, असं वाटून तो आणखीच शरमला. त्यानं बादली जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि जाळीच्या शेजारी ओतली.

पाणी जाळीला पाठ दाखवून थेट कोपऱ्यात गेलं.

"या बाईंचा काही दोष नाही," तो म्हणाला. "उतार उलटा पडलाय. मला पहिल्यापासून माहीत आहे. ओशटपणा वगैरे सगळ्या थापा. ही फरशी खरवडून मी नवा थर देतो, माझ्या पदरच्या खर्चानं. आणि मावशी, तुम्ही मला माफ करा."

बिस्किटवाले हसले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. "चूक तोंडावर कबूल करणारा माणूस मिळतो कुठं? आमचं काम तुमचंच."

डेअरीवाल्याला चिडावं की खूश व्हावं, ते कळेना. फुकटात फरशी म्हटल्यावर तो खूश झाला. "म्हणजे पाणी आपोआप जाणार? ढकलायला माणूस नको?"

"कुणीही नको," लेव्हलशेठ म्हणाला. खूप दिवसांनी त्याची मान ताठ झाली होती. छातीवरचं ओझं उतरलं होतं. तो मोठ्या आशेनं मावशीकडे वळला.

मावशीनं वायपर भिंतीला टेकवून ठेवला होता. कमरेला खोचलेला फडका काढून ती एकेक बोट पुसत होती.

"म्हणून तर मान हलवत होते मी, दादा," ती त्याला ऐकू जाईल एवढंच बोलली. "या कोपऱ्यापुरतंच ठेवलंय मला इथं."