गॉर्डीचा आवाज काढ

"आणखी आत घाल. कान वर ओढ आणि मग सार," मार्लिस म्हणाली. "दार किलकिलं ठेवलंस तर थंडी आत येणारच ना? तसंच आहे हे."

डुएनने कान वर ओढून रबराचं बोंड आत सारलं. सपर क्लबच्या, जेवण आणि गाण्याच्या त्या हॉटेलच्या, भटारखान्यातली तेलाची चरचर, बारमागची बर्फाची खडखड, सगळं एकदम नाहीसं झालं. उरला त्याचा स्वतःचा श्वास. डुएनला ते मुळीच आवडलं नाही. ऑक्टोबरपासून घरी तो तेवढंच ऐकत होता.

"या वयात कानातले घालायची पाळी आणलीस माझ्यावर," एका कानातलं बोंड उपसून तो कुरकुरला.

"मी नाही, मालकाने आणली. स्टेजवर आपल्याला आपलंच गाणं ऐकवणारे स्पीकर बंद करा नाहीतर शुक्रवारचा कार्यक्रम विसरा, असं तो म्हणाला. लोकांना मासे खाताना एकमेकांशी भांडताही येत नाही म्हणे." मार्लिस त्यांच्या बँडची ड्रमर. गाणं थेट कानात ऐकवणाऱ्या या बोंडांचे तीन जोड तिने ओळखीच्या दुकानातून आणले होते. त्यातला बिनतारी तिने स्वतःच बाजूला ठेवला. "हा तुला कशाला? गॉर्डी स्टेजभर हिंडायचा. तू खांबासारखा एका जागी उभा. तुला तारेचा स्वस्तातला पुरे. फक्त बोंड कानात घट्ट बसायला हवं. ते बसलं नाही तर महागही फुकटच."

गॉर्डीचं नाव निघताच डुएनने तोंड फिरवलं. गॉर्डी त्याचा धाकटा भाऊ. व्हॅनवर अजून 'कोवाल्के ब्रदर्स' असंच रंगवलेलं होतं. सामान मात्र डुएन एकटाच चढवायचा आणि एकटाच उतरवायचा. सवयीने माईकचे दोन स्टँड मांडायचा, आणि लोक यायच्या आत एक हळूच पडद्यामागे नेऊन ठेवायचा. कुणी विचारलंच, तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं: "गॉर्डीचे कान गेले. सूर लागत नाही त्याला."

त्यात खोटं असं काही नव्हतं, निदान डुएनच्या मते. एका लग्नातल्या गाण्याचं चित्रीकरण कुणीतरी फोनवर दाखवलं होतं. त्यात सूर सरळसरळ खाली घसरत होता. दोघांचे आवाज इतके सारखे, की फोनवर आईसुद्धा फसायची. पण गाडी कोण घसरवतंय हे डुएनला विचारायची गरज वाटली नव्हती. त्याने गॉर्डीला चारचौघांत झापलं. गॉर्डीने मान खाली घालून ऐकून घेतलं. "असेल. माझंच असेल," एवढंच म्हणाला, आणि त्याच ऑक्टोबरात गिटार उचलून वर उत्तरेला सुपीरियर गावी निघून गेला. त्यानंतर फोन नाही, नाताळचं कार्डही नाही.

"आता आवाज जुळवू," मार्लिस म्हणाली. कानातला आवाज जुळवायला जुनाच कार्यक्रम लावतात. त्यात प्रत्येक माईक वेगळा टिपलेला असतो. हवा तो चढवायचा, नको तो काढायचा. ती घुटमळली. "पण आवाजाच्या मिक्सरमध्ये गेल्या उन्हाळ्यातला जत्रेतला कार्यक्रमच आहे. त्यात गॉर्डी आहे. चालेल?"

"लाव."

गिटार सुरू झाली, काचेसारखी स्वच्छ. इतकी वर्षं पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून त्याला नुसता गोंगाट ऐकू येत आला होता. पहिली ओळ गॉर्डीची, पुढे दोघं भाऊ एकाच सुरात गायचे. दुसऱ्या ओळीला सूर घसरला आणि डुएनने टेबलावर थाप मारली.

"ऐकलंस? उतरला! उगीच नाही घालवला मी त्याला. काढ त्याचा आवाज. गॉर्डीचा आवाज काढ."

मिक्सर फोनवरूनच चालायचा. मार्लिसने त्याच्या पडद्यावर बोट ओढलं.

गॉर्डी गेला. घसरलेला सूर तिथेच राहिला.

"काढलास ना?" डुएनने विचारलं.

"काढला. आता तू एकटाच आहेस, डुएन."

डुएनने कानातलं बोंड आणखी आत दाबलं. मग म्हणाला, "त्यानेच ओढलं असेल मला खाली. मला काढ. त्याला एकट्याला लाव."

मार्लिसने गाणं मागे नेलं. पहिली ओळ गॉर्डी एकटाच म्हणायचा. ती सुरात होती, अगदी गिटारीला चिकटून. दुसऱ्या ओळीला, जिथे डुएन सामील व्हायचा, तिथे गॉर्डी जरासा खाली आला. डुएन दम घ्यायला थांबायचा तिथे पुन्हा वर गेला. डुएन परत यायचा तिथे परत खाली. प्रत्येक कडव्यात तेच. चूक एकाची दिसू नये म्हणून तो दोघांची करत होता.

मार्लिसने गाणं बंद केलं. डुएनने गॉर्डीला फोन लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

साडेपाचला दारं उघडली. माशांच्या ताटल्या, ब्रँडीचे पेले, ओल्या कोटांचा वास. पुढच्या टेबलावरच्या म्हातारीने नेहमीसारखं ओरडून विचारलं, "गॉर्डी कुठाय रे?"

"कान गेले, बाई," डुएन म्हणाला. "माझे."

ती हसली. तिला वाटलं, थट्टाच आहे.

आज त्याने दुसरा स्टँड हलवला नव्हता. कानात बोंडं घट्ट बसवून तो आपल्या जागी उभा राहिला आणि पहिली ओळ गायला. ती बरी गेली. दुसऱ्या ओळीला तो घसरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते गाता गाता ऐकलं. शेजारचा माईक उभा होता. त्याच्याबरोबर खाली यायला कुणी नव्हतं.