ओठांतून पडलेलं बी

बोंगिमला आपलं घर सापडत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी डोंगरात लढाई पेटली, तेव्हा शिपायांनी अख्खं गाव खाली करून जाळलं. कुणी लपू नये म्हणून फळझाडंही तोडली. पायाचे दगड मोर्चे बांधायला नेले. मातीच्या भिंती पावसात विरघळल्या, वर गवत माजलं. आता परतायची परवानगी मिळाली होती. बोंगिम एकटीच आली. आई शहरातल्या छावणीतच वारली. तिला मूठमाती तिकडेच द्यावी लागली.

शेजारीण, सुंगमोची आई, एका सपाट तुकड्यावर फतकल मारून बसली होती.

"ही जागा आमची. इथेच आमची चूल होती."

"काहीतरीच काय, काकू! हे आमचं अंगण."

"मग दाखव ना खूण! सतरा वर्षांची घोडी झालीस, स्वतःचं घर ओळखता येत नाही?"

खूण नव्हती. बोंगिमला रडू फुटलं. ते दिसू नये म्हणून ती वाकून गवत उपटू लागली. गवताखाली वीतभर रोपं होती. दाट, सगळी एकाच जातीची. तिने एक पान आडवं फाडलं. तुकडे सुटले नाहीत. पांढऱ्या बारीक तंतूंनी एकमेकांना धरून राहिले.

"काकू, सानसुयू!"

"वेडी का तू? गावात माणूस नव्हतं. पेरणार कोण?"

बोलता बोलता सुंगमोच्या आईचा हात स्वतःच्या पुढच्या दातांवर गेला. ते झिजून निम्मे उरले होते. गावातल्या साऱ्याच बायकांचे तसे होते. थंडीच्या तोंडाशी बायका-पोरी दारात बसायच्या. सानसुयूचं लाल, आंबट फळ दातांत धरायचं, दाबून बी काढायचं, बसल्या जागेवरून समोर थुंकायचं. गर तेवढा सुपात वाळायला. आणि बी मोठं हट्टी. दोन हिवाळे मातीत काढल्याशिवाय डोकं वर काढत नाही.

गाव जळत होतं, तेव्हा ते खाली निजलेलं होतं.

दोघींनी मिळून गवत साफ केलं. रोपं चंद्रकोरीसारखी उगवली होती. कोरी दोन होत्या. एक मोठी, तिला खेटून एक लहान.

सुंगमोच्या आईने दोन्ही कोरींवरून बोट फिरवलं.

"माझ्या दारात मी एकटीच बसायचे गं, पोरी," ती म्हणाली. "जागा तुझी."

मग घागऱ्याचा घोळ वर धरून ती उतारावर धावली, गवत चाळू लागली. थोड्याच वेळात तिची आरोळी आली. पाठोपाठ खालून दुसऱ्या कुणाची. डोंगरावर एकेक दार सापडत गेलं.

कोरींच्या आत मात्र काहीच उगवलं नव्हतं. बसलेल्या माणसाएवढ्या दोन मोकळ्या जागा होत्या.

बोंगिम रोपं ओलांडून लहान जागेत जाऊन बसली. शेजारची मोठी जागा आईसाठी राहू दिली.