तिसरी जाळी

दुपारच्या सुट्टीत कारखान्यातले दिवे मालवले की बायका आपापल्या टेबलावरच डोकं टेकून डुलकी काढत. चीनमधल्या डोंगग्वान शहराच्या त्या गल्लीत काय ती तेवढाच वेळ शांतता. इअरफोनचा आवाज जुळवणारा क्वांग देशंग नवे नमुने तेव्हाच ऐकायचा.

त्याने इअरफोनची दोन्ही बोंडं कानात बसवली, वायर कानांमागून घेतली आणि नेहमीचं गाणं लावलं. एक बाई, एक पियानो, मागे हलकी झांज. डोळे मिटून त्याने मान डोलावली.

समोर त्याची धाकटी बहीण येऊन बसली. विक्रीचं सगळं सूमेईच बघायची. तिने त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारली.

"दादा, आजही माल परत आलाय. आवाज कानाला टोचतो म्हणे. एकाने लिहिलंय, दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतं."

"दोन वाट्या नूडल्सच्या भावात इअरफोन मिळतात, वर नखरे!"

"मागच्या मॉडेललाही हेच लिहिलं होतं. त्याच्या आधीच्यालाही."

"त्यांचे कान बिघडलेत."

"सगळ्यांचे?"

देशंगने इअरफोन काढून तिच्या हातात ठेवले. "घे, तूच ऐक. झांज कशी मऊ आहे बघ."

सूमेईने ते कानात घातले आणि लगेच उपसून काढले.

"टोचते. झांजही, आणि बाई 'स' म्हणते तिथेही."

त्याने पुन्हा ऐकलं. तो 'स' त्याला कापसासारखा लागला. त्याने तिसऱ्यांदा गाणं मागे नेलं, तेव्हा सूमेईने फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"एक बोंड तुझ्या कानात, एक माझ्या," ती म्हणाली. "शिट्टी वाजेल. चढत चढत जाईल. ऐकू यायची थांबली की हात वर कर."

"मला शिकवतेस?"

"कर ना, दादा."

शिट्टी चढली, बारीक झाली, केसाएवढी झाली आणि तुटली. देशंगने हात वर केला.

सूमेईने केला नाही. तिच्या कपाळाला आठी पडली होती.

"संपली ना?"

तिने नकारार्थी मान हलवली. तो थांबला. पलीकडे कुणीतरी झोपेत पुटपुटलं, कूस बदलावी तसं डोकं फिरवलं.

"अजून?"

"अजून."

मग तिने हात वर केला आणि चोरी पकडल्यासारखा लगेच खाली घेतला.

देशंग कानातलं बोंड काढून दोन बोटांत फिरवत राहिला.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"मागच्या मॉडेलपासून संशय होता."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? खोक्यावर तुझं नाव छापतो आपण. क्वांग उस्तादांनी जुळवलेला आवाज."

तो हसला, पण ते हसू थकलेलं होतं. त्याने चिमटा उचलला, दोन्ही बोंडांची तोंडं उघडली आणि टोचरे सूर अडवणारी नखाएवढी जाळी आत बसवली. हात अजूनही पहिल्यासारखा पक्का होता.

"ऐक."

"कमी झालंय. पण आहे."

त्याने दुसरी बसवली.

"थोडंसं उरलंय. झांजेतच."

तिसरी जाळी बसवल्यावर सूमेईने पूर्ण गाणं ऐकलं. तिचे खांदे हळूहळू खाली आले.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली. "गाते छान रे ही बाई. आज पहिल्यांदा कळलं."

देशंगने इअरफोन कानात घातले. जणू कुणीतरी गाणाऱ्या बाईच्या अंगावर रजई ओढली होती. पियानो शेजारच्या खोलीत गेला होता. झांज नव्हतीच. तरी तो ऐकत राहिला, शेवटच्या सुरापर्यंत, मन लावून.

दिवे लागले. बायकांनी डोकी वर केली. गालांवर बाह्यांचे वळ उठले होते. सूमेई त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"छान झालंय," देशंग म्हणाला. "सगळ्या मालाला हेच लाव."