गंगेचा गडू

मंजुषानं पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि कॉटवर पडलेल्या तात्यांनीही घोट गिळला. त्यांच्या तोंडात काहीच नव्हतं.

एप्रिल चांगलाच तापला होता. देवळाली कॅम्पहून मखमलाबादला माहेरी आलेली मंजुषा बापाकडे बघतच राहिली. ओठांना भेगा, जीभ कोरडी ठक्क. खोली मात्र लख्ख, चादर धुवट पांढरी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची खोली, पण वास म्हणून नाही, असं आल्या आल्या तिनंच वहिनीचं कौतुक केलं होतं. सगळी गल्लीही हेच म्हणायची. गल्लीला काय जातं म्हणायला.

तिनं उरलेलं पाणी तात्यांच्या ओठांपाशी नेलं. तेजलवहिनीनं पेला अलगद काढून घेतला.

"नका पाजू, ताई. गादी ओली करतात. सकाळी दोन घोट, संध्याकाळी दोन घोट, एवढंच देते मी. त्यांनाही सवय झालीय आता."

"डॉक्टरनं सांगितलंय असं?"

"डॉक्टर येतो का चादरी धुवायला?"

तेजलच्या आवाजात राग नव्हता. पहाटे उठून मेथीच्या जुड्या बांधायच्या, मग स्वयंपाक, मग म्हाताऱ्याचं सगळं. तिचं दमणं खोटं नव्हतं. म्हाताऱ्याची तहानही खोटी नव्हती.

पेला घेऊन तेजल आत गेली. मंजुषाचं डोकं भणभणलं. तात्यांच्याच खोलीत देव्हारा होता आणि देव्हाऱ्यात तांब्याचा सीलबंद गडू. काशीहून आणलेलं गंगेचं पाणी, मरताना तोंडात घालायला जपून ठेवलेलं. तिनं कोनाड्यातला अडकित्ता घेतला आणि गडूचं झाकण उचकटलं.

आवाज ऐकून तेजल दारात आली.

"ताई, अहो, तो शेवटाला लागतो."

मंजुषानं तिकडे पाहिलंही नाही. बापाच्या मानेखाली हात घालून तिनं त्यांना उचललं. गडू दिसताच तात्यांनी हात जोडले. चेहऱ्यावरचा ताण उतरला. किती तरी दिवसांनी सुटका दिसावी, तसे ते लेकीकडे बघून हसले.

"मी चाललो का गं, मंजू?"

"कुठं चाललात, तात्या? काही नाही झालेलं तुम्हाला. तहान लागलीय ना? प्या पोटभर."

तात्यांचं हसू गेलं. त्यांनी दारातल्या सुनेकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"मंग नको," ते म्हणाले. "गादी वली हुईल."